वैशालीस पत्र : सॅन ओनोफ्रेचं काय चाललंय

सॅन क्लेमेंटे, कॅलिफोर्निया
19 नोव्हेंबर 2023

प्रिय वैशाली,

तुझं पत्र दिवाळीच्या गडबडीत मिळालं, उत्तराला आजचा रविवार उजाडला. नववीतल्या त्या मुलीचा प्रश्न घोळतोय डोक्यात : "बाई, तारापूरचं केंद्र म्हातारं झालं की त्याचं काय करणार?" बोईसरच्या मुलीला हे विचारावंसं वाटलं याचा मला फार आनंद झाला. मोठ्यांनी विचारायला हवा असा प्रश्न आहे हा, आणि त्याचं उत्तर आमच्या गावाच्या दक्षिणेला, समुद्राला खेटून उभं आहे. सविस्तर लिहिते, वर्गात वाचून दाखवता येईल.

ते म्हणजे सॅन ओनोफ्रेचं बंद पडलेलं अणुवीज केंद्र. त्याला तीन अणुभट्ट्या होत्या. पहिली 1968 ते 1992 चालली. दुसरी आणि तिसरी ऐंशीच्या दशकात आल्या, हजार मेगावॅटच्या वरच्या. त्यांचे स्टीम जनरेटर, म्हणजे भट्टीच्या उष्णतेने वाफ बनवणारी यंत्रं, 2009 ते 2011 च्या दरम्यान नवे बसवले. एकेका जनरेटरमध्ये साडेनऊ हजारांवर बारीक नळ्या. नव्या यंत्रांनी वर्षानुवर्षं चालायचं, पण 31 जानेवारी 2012 ला तिसऱ्या भट्टीतली एक नळी गळायला लागली. तपासलं तर दोन्ही भट्ट्यांत मिळून तीन हजारांवर नळ्या अकाली झिजलेल्या, काही तर एकमेकींवर घासून. पुढे दीड वर्ष वाद, तपासण्या, सुनावण्या झाल्या आणि 7 जून 2013 ला केंद्र चालवणाऱ्या एडिसन कंपनीने जाहीर केलं की केंद्र कायमचं बंद. तेव्हा तिथे सुमारे दीड हजार माणसं कामाला होती.

इथून पुढचं मुलांना नीट समजावून सांग, कारण सगळ्यांचा गैरसमज इथेच होतो. भट्टी बंद झाली म्हणजे थंड झाली असं नाही. चुलीतलं लाकूड ओढून घेतलं तरी निखारे धगधगत राहतात, तसं आहे. अशी एक भट्टी पूर्ण जोरात चालताना जवळपास 3,400 मेगावॅट उष्णता देते. अणू फुटत राहण्याची साखळी प्रक्रिया थांबवल्याच्या क्षणीही त्यातली 6-7 टक्के उरते, म्हणजे 200 मेगावॅटहून जास्त. तारापूरची पहिली भट्टी पूर्ण क्षमतेने चालून जेवढी वीज देते त्याहूनही ही "बंद" भट्टीची उष्णता अधिक! ती झपाट्याने उतरते, पण संपत नाही. म्हणून इंधनाचे जुडगे काही वर्षं खोल पाण्याच्या हौदात ठेवावे लागतात, पाणी सतत फिरतं ठेवून. मग ते स्टेनलेस स्टीलच्या दंडगोल डब्यांत, म्हणजे कॅनिस्टरमध्ये भरतात, पाणी काढून हेलियम भरतात, झाकण वेल्डिंगने बंद करतात आणि ते कॅनिस्टर काँक्रीटच्या कोठारात ठेवतात. तिथे वारा आपसूक खेळतो आणि उष्णता घेऊन जातो, पंप लागत नाही.

पाडकाम म्हटलं की लोकांना स्फोट आणि धुरळा आठवतो. मला विचारशील तर खरं अवघड काम हे कॅनिस्टर भरून जागेवर ठेवण्याचं होतं, आणि नेमकी त्यातच मोठी चूक झाली. 3 ऑगस्ट 2018 ला चाळीसेक टनांहून जड असा भरलेला कॅनिस्टर जमिनीतल्या कोठारात उतरवताना आतल्या कड्याच्या काठावर अडकला. तो ज्यांना लटकवला होता ते वरचे पट्टे सैल पडले, तशी उतरवणाऱ्यांची समजूत झाली की तो तळाला टेकला. प्रत्यक्षात तो पाच मीटरहून जास्त उंचीवर, त्या काठावर टेकून होता, पट्ट्यांच्या आधाराविना, जवळपास तासभर. किरणोत्साराचं माप अपेक्षेपेक्षा जास्त आलं तेव्हा कळलं की हा खाली गेलेलाच नाही. पुन्हा पट्टे ताणून तो सुखरूप उतरवला. गळती झाली नाही, कुणाला इजा झाली नाही.

लोकांना हे कसं कळलं माहीत आहे? एडिसनने 2014 मध्ये नागरिकांचं एक सल्लागार मंडळ नेमलंय, त्याच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात. सहा दिवसांनी अशीच बैठक होती. नागरिकांच्या प्रश्नांची वेळ आली तेव्हा तिथे सुरक्षेचं काम करणारा एक कामगार माइकपाशी उभा राहिला आणि काय घडलं ते त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. त्या बैठकीचं चित्रण मी आजवर अनेकदा पाहिलंय. हा माणूस नोकरी पणाला लावून बोलत होता, वैशाली. त्यानंतर अमेरिकेच्या केंद्रीय अणु नियामक आयोगाने विशेष तपासणी केली, घटना वेळेत कळवली नाही आणि पडण्यापासूनचं संरक्षण वापरात नव्हतं म्हणून 1,16,000 डॉलर दंड ठोठावला. काम जवळजवळ वर्षभर थांबलं. रक्कम किरकोळ आहे, पण ते थांबलेलं वर्ष मला मोलाचं वाटतं. प्रशिक्षण, कामाच्या पद्धती, देखरेख, सगळं नव्याने झालं. अखेर ऑगस्ट 2020 मध्ये शेवटचा कॅनिस्टर जागेवर गेला. आता 123 कॅनिस्टर आहेत, सुमारे 1,600 टन इंधन.

बाकीचं पाडकाम 2020 पासून चालू आहे. भट्टीच्या आतले भाग पाण्याखाली ठेवूनच दुरून कापतात. पहिल्या भट्टीचं 700 टनांहून जड पात्र मे 2020 मध्ये खास रेल्वेच्या वाघिणीवरून नेवाडापर्यंत आणि पुढे रस्त्याने युटातल्या क्लाइव्हच्या वाळवंटात गेलं. खर्चाचा 2014 मधला अंदाज 4.4 अब्ज डॉलरचा, हा खर्च ग्राहकांच्या वीजबिलातून वर्षानुवर्षं साठवलेल्या निधीतून होतो. हा निधी आधीपासून वेगळा काढून ठेवला नसता तर आज काय झालं असतं, याचा विचार कर.

देखरेख एकट्या अणु आयोगाची नाही. आयोगाचा नियम असा की जागा मोकळी सोडताना तिथे राहणाऱ्या माणसाला तिच्यामुळे वर्षाला 0.25 मिलिसिव्हर्टहून (किरणोत्सार मोजायचं एकक) जास्त किरणोत्साराची मात्रा मिळता कामा नये. निसर्गातून आपल्याला याच्या अनेकपट मिळतेच. शिवाय कॅलिफोर्नियाचं किनारा आयोग आहे. खाऱ्या हवेने स्टीलला बारीक तडे जाऊ शकतात ही भीती खोटी नाही, म्हणून त्यांनी कॅनिस्टरच्या नियमित तपासणीचा आणि डागडुजीचा कार्यक्रमच कंपनीकडून लिहून घेतला आणि 2020 मध्ये मंजूर केला. एका संस्थेच्या नजरेतून सुटलेलं दुसरीच्या नजरेत यावं, अशी ही रचना आहे. तिने कंपनीची कटकट वाढते, वेळ जातो. जाऊ दे.

आता मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. 1982 च्या कायद्याप्रमाणे अमेरिकन सरकारने वापरलेलं इंधन 31 जानेवारी 1998 पासून ताब्यात घ्यायचं कबूल केलं होतं. नेवाडातला युक्का डोंगर त्यासाठी निवडला, 2010 मध्ये ते काम गुंडाळलं गेलं. दुसरी जागा ठरलेली नाही. म्हणजे भट्ट्यांचे घुमट पडतील, यंत्रं जातील आणि लाटांपासून हाकेच्या अंतरावर हे 123 कॅनिस्टर राहतील. मी अणुवीजेच्या विरोधात नाही, तुला ठाऊक आहे. पण अधांतरी ठेवलेलं हे वचन मला लाजिरवाणं वाटतं. केंद्र चालू असतं तेव्हा कंपनीला नफा असतो, गावाला रोजगार असतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष असतं. बंद पडलं की बैठकीतल्या खुर्च्या रिकाम्या होत जातात, आणि धोका मात्र तिथेच बसलेला असतो. मी म्हणूनच अजून जाते.

तारापूरचं म्हणशील तर पहिल्या दोन भट्ट्या 1969 च्या, इंधन सुरुवातीला अमेरिकेचं. वापरलेल्या इंधनाचं काय करायचं यावर दोन्ही देशांत वर्षानुवर्षं वाद चालला. आपल्याकडे बंद केंद्राच्या मोडणीसाठी वीजदरात युनिटमागे दोन पैसे धरलेले असतात, आणि देखरेखीला 1983 पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. मुलांना सांग, चिडून नव्हे तर अभ्यास करून विचारा : त्या दोन पैशांचा निधी आज किती झालाय? मोडणीचा आराखडा कुठे वाचायला मिळतो? तो मराठीत आहे का? केंद्रातल्या कामगाराला काही खटकलं तर त्याने सांगायचं कुणाला? आणि अक्करपट्टी-पोफरणच्या ज्या लोकांनी तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी घरं सोडली, त्यांना त्या जागेच्या भविष्याबद्दल बोलायला कुणी बोलावणार आहे का?

फेब्रुवारीत महिनाभर येतेय. शाळेत तासभर मिळाला तर किरणोत्सार मोजण्याचं लहानसं यंत्र घेऊन येईन, मुलांना स्वतः मोजू देऊ. मुख्याध्यापकांना आधी विचारून ठेव, आणि त्या मुलीला माझं नाव सांग. काकूंना नमस्कार.

तुझी,
नीलिमा