जाकार्ताच्या संघात मुंबईही होती

महोदय,

मडगावात सिंगापूरकडून १-२ असे हरून आपण २०२७च्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीतून बाहेर पडलो, तेव्हापासून भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाच्या आठवणींना ऊत आला आहे. आपल्या क्रीडापानावरचा परवाचा लेखही त्यातलाच. लेखात बंगाल आणि हैदराबाद भरून आहे, ते रास्तच. चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी यांच्याशिवाय १९६२चं जाकार्तातलं आशियाई सुवर्णपदक सांगता येत नाही, आणि प्रशिक्षक रहीमसाहेबांशिवाय तर काहीच सांगता येत नाही. पण मुंबईचा उल्लेख केवढा? ‘कूपरेजवर रोव्हर्स कप होत असे.’ (कूपरेज म्हणजे मुंबईचं फुटबॉल मैदान, रोव्हर्स ही तिथली जुनी स्पर्धा.) म्हणजे मांडव आम्ही घातला आणि पंगतीला दुसरेच बसले!

नेव्हिल डिसोझा कुठे गेले? १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ हरवलं, त्यातले तीन गोल त्यांचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात बलाढ्य युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच मारला होता. पुढे चार खाऊन आपण हरलो ते सोडा, काही मिनिटं का होईना, भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या दारात उभा होता. मूळ गोव्याचा हा माणूस मुंबईत टाटा आणि कॅलटेक्स या कंपन्यांच्या संघांकडून खेळायचा. जाकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवणाऱ्या संघातले फॉर्च्युनाटो फ्रँको टाटा स्पोर्ट्स क्लबचे, आणि बॅक (बचावपटू) चंद्रशेखर केरळचे खरे, पण खेळायचे मुंबईच्या कॅलटेक्सकडून.

यात माझा मुद्दा मुंबईच्या मोठेपणाचा नाही, नोकरीचा आहे. तो संघ राज्यांचा नव्हताच, मस्टरवर सही करणाऱ्यांचा होता. पी. के. पूर्व रेल्वेत. युसूफ खान हैदराबाद पोलिसात. कोलकात्याच्या बड्या क्लबांची गोष्ट वेगळी, पण बाकी ठिकाणी पोरगा चेंडू मारतो म्हटल्यावर घरचे आधी विचारायचे, ‘नोकरी लागेल का?’ लागायची. म्हणून पोरं खेळायची. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ १९५० ते ५४ सलग पाच वर्षं कूपरेजवर येऊन रोव्हर्स जिंकून गेला, तोही पगारी शिपायांचाच. त्यांचे प्रशिक्षक रहीमसाहेबच भारताचेही प्रशिक्षक. तेव्हा मुंबईची पोरं त्यांच्या नजरेखालून गेली असणार, हे उघड आहे.

मी स्वतः एका बँकेच्या संघात लेफ्ट बॅक होतो. मुंबईच्या हार्वुड लीगच्या खालच्या डिव्हिजनचा, बेताचा खेळाडू. पण लागलो तो फुटबॉलवरच. सकाळी आझाद मैदानात प्रॅक्टिस, मग काउंटर, मॅचच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मोकळीक. मॅनेजर कुरकुरायचे, पण बँक जिंकली की तेच पेढे मागवायचे. आमच्या संघात धोबीतलावच्या कुडात (गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात) राहणारे गोवेकर होते, नागपाड्याचे, माहीमचे, एक-दोन मल्याळी आणि आम्ही लालबाग-परळचे. मैदानात हाका कोकणीत, शिव्या अस्सल मराठीत. भारतीय संघाची रचना कशी होती असं कुणी विचारलं, तर मी आमचा ग्रुप फोटो दाखवीन. दर्जा सोडून बाकी सगळं तेच.

मग गिरण्या गेल्या. मफतलाल, ऑर्के यांचे संघ गेले. बँकांनी खेळाडूंची भरती आखडती घेतली. १८९१ पासूनचा रोव्हर्स कप २०००-०१ नंतर झालाच नाही. महिंद्र युनायटेडने २००५-०६च्या राष्ट्रीय लीगचं विजेतेपद मुंबईत आणलं आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. तरीही माती अजून अगदीच नापीक नाही. भारताकडून खेळलेला स्टीव्हन डायस इथलाच, राहुल भेके इथलाच. सध्याचे राष्ट्रीय प्रशिक्षक खालिद जमील मुंबईच्याच महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळलेले.

आणि गंमत बघा. पर्थला जन्मलेला रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचा झाला, त्यावर ‘परदेशी वंशाचे खेळाडू हवेत की नकोत’ अशा चर्चा झडल्या. त्याची आई मुंबईची. आजोबा राज्यांच्या संघांच्या संतोष करंडकात मुंबईकडून खेळलेले. कुणाला तो परदेशी वाटो, मला तर तो आपल्याच लीगचा नातू वाटतो. त्याचं स्वागतच आहे. पण मुंबईच्या फुटबॉलपटूचा नातू ऑस्ट्रेलियातून आणायचा, आणि इथल्या मैदानांवर आज खेळणाऱ्या पोराने बाविशीत बूट माळ्यावर टाकून डिलिव्हरीची बॅग पाठीला लावायची, हे मला पटत नाही. आयएसएल या व्यावसायिक लीगमध्ये जागा मूठभरांनाच. बाकीच्यांसाठी रेल्वे, पोलीस, महापालिका आणि सरकारी बँका यांनी फुटबॉलच्या जागा नियमित भराव्यात. अकादम्यांची उद्घाटनं नंतर करा.

आपल्या लेखासोबतच्या चौकटीत फ्रँको यांच्या नावापुढे ‘गोवा’ आणि चंद्रशेखर यांच्यापुढे ‘केरळ’ असं छापलं आहे. चूक नाही, पण अपुरं आहे. पुन्हा छापाल तेव्हा ‘टाटा, मुंबई’ आणि ‘कॅलटेक्स, मुंबई’ हे जोडावं, आणि नेव्हिल डिसोझांचा एखादा फोटो मिळाला तर तोही घ्यावा, ही विनंती.

– एक जुना लेफ्ट बॅक, दहिसर (पूर्व)