मित्रास पत्र : आपल्या सरांविषयी

खानापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

सर गेल्याचे फोनवर कळवले तेव्हा नीट बोलता आले नाही, म्हणून आता सविस्तर लिहितो. तू पुण्याहून पोहोचेपर्यंत सारे आटोपले असते, त्यामुळे मीच तुला येऊ नकोस म्हटले. अंत्ययात्रेला कोण कोण होते, असे तू विचारले होतेस. जुने विद्यार्थी पुष्कळ होते. पण भर पावसात जांबोटीच्या बाजूने मोटारसायकलवर आलेले, कन्नड शाळेचे ते निवृत्त मुख्याध्यापक पाहून मला भरून आले. निवृत्तीनंतर सर दर 1 नोव्हेंबरला सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीसाठी बेळगावला जात आणि हे गृहस्थ त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सवाचा ध्वज फडकवत. दुसऱ्या दिवशी मात्र दोघे एकाच बाकावर चहा घेत. सीमाप्रश्नावर सर तसूभरही मागे हटत नसत, आणि त्यापायी माणूसही तोडत नसत.

मी शाळेत रुजू झालो तेव्हा खात्याची कन्नड परिपत्रके पाहून माझी गाळण उडत असे. सरांनी ती मराठीत सांगून टाकली असती, तर पाच मिनिटांत काम झाले असते. त्याऐवजी शाळा सुटल्यावर ते मला शेजारी बसवत, ओळीखाली पेन्सिल धरत आणि अक्षरे जुळवून वाचायला लावत. मी वैतागलो की म्हणत, "मी किती दिवस पुरणार हाय तुला? वाच की!" वर्षभरात मी स्वतः उत्तरे लिहू लागलो, आणि त्यांवर सही करताना ते कधी शब्द बदलत नसत, फक्त चूक असेल तेथे बारीक टिंब देत.

दहावीच्या वर्गाबाबतचा त्यांचा हिशेब तुला आठवत असेलच. एकूण 625 गुणांत पहिली भाषा 125 ची आणि बाकीचे विषय 100 चे. तेव्हा गणितात अडखळणाऱ्या पोराला मराठीने हात दिला पाहिजे, असे ते म्हणत. कणकुंबीकडून येणाऱ्या मुलांची पावसाळ्यात बस चुकली की, बुडालेला तास ते दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत घेत. निकालानंतर कौतुक व्हायचे ते वर्गशिक्षकाचे, आणि सर मागे उभे राहून कुंद्याचा पुडा फिरवत असत.

बेळगाव परिसरात गावोगावी साहित्य संमेलने भरतात, त्यांपैकी एकात बोलण्याचे आमंत्रण खरे तर त्यांना होते. 1946 च्या बेळगावच्या संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्यावर त्यांनी टिपणे काढली होती. ती सारी माझ्या हाती देऊन त्यांनी मला व्यासपीठावर बसवले, आणि स्वतः श्रोत्यांत बसून माझ्या भाषणाच्या नव्या टिपा काढल्या. त्या भाषणावरच मला पुढे चार ठिकाणी बोलावणे आले.

मृत माणसाला देव करू नये, म्हणून हेही लिहितो. त्यांना नाही म्हणता येत नसे. पतपेढीच्या कर्जाला अर्ध्या स्टाफचे जामीन तेच. एकाने हप्ते थकवले आणि ते सरांच्या पगारातून कापले जाऊ लागले. काकूंनी त्या काळात घर कसे चालवले, ते त्यांनाच ठाऊक. सरांच्या औदार्याचा निम्मा भार काकूंनी उचलला, हे अंत्ययात्रेच्या दिवशी बोलणाऱ्यांपैकी कोणालाच सुचले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

काकूंनी सरांची पेटी माझ्याकडे सोपवली आहे. व्याकरणाच्या वह्यांपैकी समास आणि अलंकार यांची वही त्यात नाही. ती तुझ्याकडेच असावी. यंदा आमच्याकडे एक नवीन मुलगी मराठी शिकवायला आली आहे, तिला ती हवी आहे. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये, आणि येण्यापूर्वी काकूंना एकदा फोन कर. त्या तुझी विचारपूस करत होत्या.

तुझा,
जुना सहकारी