सर्व्हर घेताना नुसते टीबी मोजू नका

मा. संपादक,

फोंड्याजवळच्या आमच्या वाचनालयात जुन्या मराठी अंकांचं स्कॅनिंग चालू आहे, सर्व्हर मी बघतो. गेल्या पावसात रात्री दोन-तीनदा लाईट गेली आणि सकाळी बघतो तर एका डिस्कवर नारिंगी दिवा लुकलुकतोय. रेड ५ होतं (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी गेली तरी डेटा टिकवायची पद्धत, ५, ६, १० हे तिचे प्रकार) म्हणून डेटा वाचला, पण नवीन डिस्क घालून रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा तिच्यावर परत तयार करणं, चालू असतानाच दुसरी गेली, सगळ्या एकाच दिवशी घेतलेल्या ना. दोन महिन्यांचं काम गेलं. तीच पानं परत उलटताना कडा तुटून हातात येतात, ते जास्त लागतं.

४ टीबीच्या (टीबी म्हणजे टेराबाइट, साठवणीच्या जागेचं माप) ४ डिस्क असतील तर रेड ५ मध्ये १२ टीबी मिळतात, रेड ६ आणि रेड १० मध्ये ८च, म्हणून सगळे १२ वर भुलतात, मीही भुललो. पण रेड ६ मध्ये कुठल्याही दोन गेल्या तरी डेटा राहतो. रेड १० मध्ये डिस्कच्या जोड्या असतात, जोडीतल्या दोन्हींवर तोच डेटा; लिहायला फास्ट, पण एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या की संपलं. स्कॅनसाठी मी आता रेड ६ च घेतलंय, वर एक स्पेअर डिस्क आणि यूपीएस. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे हो, चुकून फाईल डिलीट केली की सगळीकडूनच जाते, एक कॉपी दुसऱ्या इमारतीत ठेवाच.

गोव्यातल्या पंचायती, देवस्थानं, शाळा आता जुने कागद कॉम्प्युटरवर आणतायत, त्यांनी कोटेशनमध्ये रेड कुठलं आणि बॅकअप कुठे हे लिहूनच घ्यावं, अशी कळकळीची विनंती.

एक वाचक, फोंडा