शेजाऱ्याला आधी कळू द्या

आमच्या गावठाणात शेजारच्या कौलारू घराच्या जागी तीन मजली घर उभे राहते आहे. आम्हाला कळले ते थेट पाया खणताना. आता आईच्या खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागतो, आणि दोन घरांमधली पिढ्यांची ये-जा थांबली आहे. घर बांधण्याचा त्यांचा हक्क मी नाकारत नाही. पण विकास आराखड्यात फेरबदल करायचा तर १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७नुसार लोकांच्या हरकती मागवतात. एका घराच्या परवानगीसाठी लगतच्या शेजाऱ्याला कळवण्याचे असे बंधन त्या कायद्यात नाही. भिंत चढल्यावर केलेली तक्रार म्हणजे भांडणच. मंजुरीआधी नकाशा लगतच्या घरांना दाखवून हरकतीसाठी निदान पंधरा दिवस द्यावेत.

— एक रहिवासी, वांद्रे