नौपाडा ते नेरुळ : माशांना घर देणाऱ्यांचे मनापासून आभार

आमचं ठाण्याच्या नौपाड्यातलं बैठं घर पुनर्विकासाला जातंय. अंगणातल्या हौदात बाबांनी वाढवलेले कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) आणि गोल्डफिश परवा नेरुळला नव्या तळ्यात पोचले.

‘तलावपाळीत सोडून द्या की’, असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. पण हे मासे तळ उकरून पाणी गढूळ करतात, रोगही पसरवू शकतात. ठाण्याच्या तलावांना ते नकोच.

ॲक्वेरियमच्या दुकानातल्या दादांनी पिशव्यांत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन भरून दिला आणि पैसे घेतले नाहीत. आदल्या दिवशी खायला घालू नका, म्हणजे वाटेत पाणी खराब होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. लोकलमध्ये आईला जागा देणाऱ्या आणि थर्मोकोलचा खोका धरून उभ्या राहिलेल्या ताईंचं नाव विचारायचं राहिलं.

नेरुळच्या काकांचं काय सांगू! नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना बाधतं, म्हणून त्यांनी पाणी आधीच तयार ठेवलं होतं. पिशव्या तळ्यावर तरंगत ठेवल्या, मग थोडंथोडं पाणी आत घालत मासे सोडले. घाई अजिबात नाही. काकूंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. कोई वीस-पंचवीस वर्षंही जगतो. माशांना कधीही भेटायला या, असं काकांनी बाबांना आवर्जून सांगितलंय.

आणि स्टेशनवरचे रिक्षावाले दादा, प्रत्येक खड्ड्यापाशी तुम्ही वेग कमी केलात. सगळे मासे सुखरूप आहेत. तुमचे खूप आभार.