टेप-आउटची वाट दाखवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "अहो, एवढं काय त्यात" म्हणता आणि आईच्या तब्येतीची चौकशी सुरू करता. म्हणून लिहूनच काढतोय. आणि उघडपणे लिहितोय, कारण त्या रविवारी तुम्ही जे समजावून सांगितलंत ते जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि नवा हेडफोन घेऊन अडून बसलेल्या आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा पलंग हॉलमध्ये आला. हॉलमध्येच माझी सगळी सिस्टीम. आई साडेनऊला झोपते आणि मला गाणं ऐकायला वेळ मिळतो तो दहानंतर. चार महिने स्पीकर मुके होते. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडावर हेडफोनचा जॅक होता, त्यात माझा सेनहायझर एचडी ६५० लावून पाहिला. ऐकू यायचं, पण तानपुऱ्याचा खर्ज फुगून यायचा, जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, त्याच्याखाली दबायची. म्हणून पैसे साठवून वेगळा हेडफोन अ‍ॅम्प घेतला, घरी आणला, आणि तो जोडायचा कुठे इथेच गाडी अडली. मागच्या बाजूला ऑडिओ वायरीचे पंधरा-सोळा गोल आरसीए सॉकेट. 'टेप' लिहिलेल्या चारपैकी दोनांत वायर खोचल्या, काहीच वाजलं नाही. मग माझी नजर स्पीकरच्या टर्मिनलकडे गेली. तिथून तर नक्की आवाज येतो, मग तिथूनच घ्यावा, असं मनात आलं. तेवढ्यात बायको म्हणाली, "समोरच्या विंगमधल्या ताई पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये आहेत ना, त्यांना विचार आधी."

तुम्ही मल्टिमीटर आणि टॉर्च घेऊन आलात, पण मला वाटलं होतं तसं पाच मिनिटांत जोडून दिलं नाहीत. आधी मलाच टॉर्च धरायला लावलीत आणि विचारलंत, "यातून सिग्नल बाहेर कुठून पडतो आणि आत कुठून शिरतो, वाचा." तेव्हा कळलं की मी वायर 'प्ले'मध्ये, म्हणजे आत येण्याच्या दारात खोचल्या होत्या. हवं होतं 'रेक', म्हणजेच टेप-आउट, रेकॉर्डिंगसाठी सिग्नल बाहेर पडण्याचं दार. कॅसेट डेक घरातून गेल्यापासून ती जोडी धूळ खात पडली होती. सिलेक्टरवर जे लावाल, सीडी असो, रेडिओ असो, सेट-टॉप बॉक्स असो, ते सगळं तिथून व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधीच बाहेर पडतं. वायरची एकच जोडी, आणि घरातलं सगळं गाणं नव्या अ‍ॅम्पपर्यंत. मोठ्या अ‍ॅम्पचा आवाज शून्यावर ठेवला तरी हेडफोनवर फरक पडत नाही, कारण तिथला आवाज फक्त हेडफोन अ‍ॅम्पच्या बटणाचा. आणि स्पीकरच्या टर्मिनलबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मी त्या दिवसापासून दहा जणांना सांगितलं असेल: "तो सिग्नल स्पीकरचा कागद हलवायला वाढवलेला असतो. लाइन इनपुटला, म्हणजे बारीक सिग्नलसाठीच्या दाराला, तो दिला तर इनपुट तरी जाईल, नाहीतर चुकीची तार जमिनीला, म्हणजे अर्थला, लागून मोठा अ‍ॅम्प तरी."

मग मी विचारलं, पुढच्या जॅकचं काय वाईट होतं? तो तर याच अ‍ॅम्पचा. तुम्ही प्लग काढायला लावलात, फिल्टरच्या कपॅसिटरमध्ये व्होल्टेज उरलं नाही ना हे आधी मीटरने पाहिलंत आणि मगच झाकण उघडून जॅकच्या मागचे दोन रेझिस्टर दाखवलेत. रंग माझ्याकडून वाचून घेतलेत: नारिंगी, नारिंगी, तपकिरी. ३३० ओहम. स्पीकरचाच आउटपुट त्यांच्यातून दाबून हेडफोनला दिलेला. मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तुम्ही गणित मांडलंत. हा हेडफोन ३०० ओहमचा, पण सगळीकडे नाही. खालच्या सुरांत, १०० हर्ट्झच्या आसपास, त्याचा इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, ५०० च्या जवळ जातो. ३३० च्या मागे उभं राहिलं की मधल्या सुरांना ४८ टक्के व्होल्टेज मिळतं आणि खर्जाला ६०. म्हणजे खर्ज दोन डेसिबलने वर. मी चार महिने जे कानाने ऐकत होतो ते तुम्ही तीन ओळींत आकड्यांत दाखवलंत. नव्या अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स एक-दोन ओहमच, त्यामुळे हेडफोन कुठल्याही सुराला ३०० असो की ५००, वाटा जवळपास पूर्ण मिळतो. तो कागद मी कापून ठेवलाय.

पण खरे आभार मानायचेत ते पुढच्या गोष्टीसाठी.

सगळं जोडून झालं, हेडफोन कानाला लावला, आणि गाण्याच्या मागे हूंऽऽ. नवा अ‍ॅम्पच खराब निघाला असं मी ठरवून टाकलं होतं. ओळखीच्या एका वायरमनला फोन लावला तर तो म्हणाला, "थ्री-पिनमधली अर्थची पिन काढून टाका, लगेच थांबेल." मी पक्कड आणायला उठलोसुद्धा. तुम्ही नेहमी इतक्या हळू बोलता, पण तेव्हा तुमचा आवाज चढला. "पक्कड ठेवा खाली." मग समजावलंत: या डब्याचं अंग लोखंडाचं आहे. आत कधी फेजची तार सुटून त्याला टेकली तर करंट अर्थने निघून जातो आणि एमसीबी पडते. अर्थ नसेल तर तो डबाच जिवंत होतो. आणि त्या डब्यातून निघालेली तार तुम्ही कुठे घालून बसणार आहात? कानावर.

ताई, तुम्ही पाच मिनिटं उशिरा आला असतात तर मी ती पिन काढली असती.

त्यानंतरचा अर्धा तास मला फार शिकवून गेला. तुम्ही एकेक वायर उपसायला लावलीत. सीडी प्लेयर काढला, गुणगुण तशीच. ट्यूनर काढला, तशीच. सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची गोल वायर काढली आणि एकदम शांत. मला वाटलं हेडफोनच बंद पडला. कारण साधं होतं. केबलच्या वायरचं जाळीचं वेष्टण बाहेर कुठेतरी दुसऱ्याच जमिनीला जोडलेलं, आणि नव्या अ‍ॅम्पची जमीन आपल्या घरातली. माझा जुना अ‍ॅम्प दोन पिनांचा, त्यामुळे आजवर हे वर्तुळ पूर्णच होत नव्हतं. नवा डबा आला, वर्तुळ जुळलं, आणि ५० हर्ट्झचा करंट ऑडिओ वायरच्या वेष्टणातून फिरायला लागला. डब्याचा काही दोष नव्हता. तुम्ही सांगितलेला छोटासा आयसोलेटर दुसऱ्या दिवशी आणला आणि केबलच्या वायरीत बसवला. टीव्हीचा सिग्नल त्यातून जातो, ५० हर्ट्झ अडतं. सगळी सिस्टीम एकाच बोर्डावर घेतली. तेव्हापासून मागे काही नाही, फक्त गाणं.

आठवड्याने मी पुन्हा त्रास दिला, दुपारी स्पीकर लावले की आवाज चरचरतो म्हणून. तुम्ही फोनवरच ओळखलंत: "हेडफोनचा अ‍ॅम्प बंद आहे का?" होता. जुन्या अ‍ॅम्पमध्ये टेप-आउट थेट सिलेक्टरलाच जोडलेलं, मध्ये बफर, म्हणजे दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारं सर्किट, नाही, आणि बंद डब्याचा इनपुट तोच सिग्नल ओढून वेडावाकडा करत होता. आता स्पीकर लावताना मी तो चालू ठेवतो, नाहीतर वायर काढतो.

आईचं सांगायचं राहिलं. हा हेडफोन मागून उघडा, त्यामुळे रात्रीच्या शांततेत बारीक आवाज बाहेर झिरपतो. एकदा अकरा वाजता तिने अंधारातून विचारलं, "कोण गातंय रे?" मी म्हटलं, मल्लिकार्जुन मन्सूर. "मला दे." तिच्या कानाला लावला, आवाज आधी शून्यावर आणून मग हळूहळू वाढवला, तुम्ही सांगितलं होतं तसाच. आई पूर्वी दर वर्षी पुण्याला मामाकडे राहून सवाई गंधर्वला जायची, रमणबागेच्या मैदानावर रात्रभर शाल पांघरून बसायची. आता तिला जिना उतरता येत नाही. ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि हेडफोन घातलेली माणसं बोलतात तशी मोठ्याने म्हणाली, "तानपुरा किती जवळ आहे रे!"

आता दहानंतर आधी आईची पाळी असते, मग माझी.

वायरींवर तुम्ही चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलेलं 'टेप-आउट, डावा' आणि 'टेप-आउट, उजवा' तसंच आहे. त्यावर धूळ बसली तर पुसतो, पण पट्टी बदलू देत नाही. तुमची टॉर्च इथेच राहिलीय. रविवारी आणून देईन. खरं तर तुम्हीच या आणि तासभर बसा. आईला तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय.

आपला,
समोरच्या विंगमधला शेजारी