झाकणावर ४८, पोटात २८: कंपोस्टच्या डब्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ६० लिटरच्या कंपोस्ट डब्याची दिशाभूल करणारी जाहिरात आणि रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

ऑक्टोबरमध्ये मी तुमचा काळा, ६० लिटरचा कंपोस्टचा डबा ३,४५० रुपयांना घेतला. सोबत कल्चरची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची, दोन पाकिटं आणि कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) एक वीट आली. खोक्यावर ठळक छापलंय: '६० अंशांपर्यंत तापमान, ३० दिवसांत खत'. आता फेब्रुवारी उजाडला. डबा फुटलेला नाही, झाकण घट्ट बसतं, खालचा नळही गळत नाही. माझी तक्रार त्या ६० अंशांबद्दल आहे.

झाकणात तुम्ही गोल तापमापक बसवला आहे. त्याचा दांडा जेमतेम दोन इंचांचा, कचऱ्याला तो कधी शिवतच नाही. काटा वर चढेना म्हणून फोन केला, तर तुमच्या प्रतिनिधीने डबा उन्हात ठेवायला सांगितलं. ठेवला. दुपारी दोनला काटा ४८ वर, पहाटे सहाला १४ वर! मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. कुजण्याची ऊब सूर्य बघून चढत-उतरत नाही, एवढं मला कळतं. मग लांब दांड्याचा तापमापक आणून थेट मध्यभागी रोवला. दुपारी २८, पहाटे २५. म्हणजे तुमचा काटा आमच्या गच्चीतलं ऊन मोजत होता.

दुसरा पुरावा कुंडीत उगवला. जानेवारीत जे काही तयार झालं ते मोगऱ्याला घातलं, तर आठ दिवसांत टोमॅटोची दहा-बारा रोपं आणि एक भोपळ्याचा वेल. कचरा ५५ अंशांवर काही दिवस राहिला असता, तर त्या बिया मेल्या असत्या. (वेल मी ठेवलाय. त्याचा काय दोष?)

पुन्हा फोन केला. उत्तर आलं, "मॅडम, कोमट पाणी आणि थोडा गूळ टाका." गुळाने जिवाणूंना खाऊ मिळतो, मान्य. पण डब्याची भिंत ताटाच्या कडेएवढी पातळ आणि चारी बाजूंना भोकं. आम्ही घरात दोघंच, रोजचा ओला कचरा अर्धा किलो. त्यातून जी काही ऊब तयार होते ती रात्रीत उडून जाते. आपोआप तापणारा ढीग साधारण एक घनमीटरचा, म्हणजे १,००० लिटरचा लागतो, कारण मोठ्या ढिगाचं ऊब तयार करणारं पोट मोठं आणि त्या मानाने ऊब बाहेर सोडणारं अंग लहान. माझ्या माहेरी थंडीच्या सकाळी उकिरडा उकरला की भसाभस वाफ निघायची. तो उकिरडा गाडीभर शेणाचा होता, डबाभर सालांचा नव्हे.

तुमचा डबा तापूच शकत नाही असंही मी म्हणणार नाही, कारण मी तो एकदा तापवून दाखवला आहे. मजल्यावरच्या चार घरांतून दोन दिवसांचा ओला कचरा मागून आणला. आमच्या मजल्यावर त्या दिवसांत मला काय म्हणत असतील, कल्पना आहे. साली बारीक चिरल्या, वाळकी पानं चुरडून सालींच्या दुप्पट आकारमानाने मिसळली. मूठभर घेऊन पिळलं तर बोटांत ओल यावी पण धार लागू नये, इतपत पाणी ठेवलं. डबा एकाच दिवशी काठोकाठ भरला आणि भोवती थर्माकोल, त्यावर जुनी गोधडी गुंडाळली. झाकणाजवळची भोकं तेवढी उघडी ठेवली. तिसऱ्या दिवशी मध्यभागी ५३ अंश! झाकण उघडलं तर चष्म्यावर वाफ धरली. पाचव्या दिवशी ४१ वर उतरलं, खालीवर केल्यावर पुन्हा ४७. आतल्या हवेतला प्राणवायू संपतो, म्हणून हे ढवळणं लागतं. तुमच्या पुस्तिकेत मात्र 'ढवळण्याची गरज नाही' आणि 'रोज थोडं थोडं टाका' असं लिहिलं आहे. त्या दोन वाक्यांबरोबर ६० अंशांचा दावा टिकत नाही.

रोज थोडं टाकून, थंड राहूनही खत होतं, फक्त महिने लागतात. मला त्याचीही हरकत नव्हती. 'चार-पाच महिने लागतील, बिया उगवतील' असं खोक्यावर छापलं असतं, तर कदाचित मी हाच डबा घेतला असता, पण ३,४५० रुपयांना नाही.

माझी मागणी: डबा परत नेऊन पूर्ण रक्कम द्या, किंवा बाहेरून घालायचं जाड आवरण आणि निदान फूटभर दांड्याचा तापमापक विनामूल्य पाठवा. दोन्हींपैकी काहीही केलंत तरी खोक्यावरचा मजकूर आणि पुस्तिकेतली ती दोन वाक्यं बदला. उत्तर १५ दिवसांत लेखी हवं. गुळाच्या सल्ल्याचा तिसरा फोन नको. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क पडत नाही.

पावतीची प्रत, खोक्याचा फोटो आणि तापमानाच्या नोंदवहीची पानं सोबत जोडली आहेत. काट्याचा आणि माझ्या तापमापकाचा आकडा प्रत्येक पानावर शेजारी-शेजारी लिहिला आहे.

आपली,
एक ग्राहक, कोथरूड, पुणे
(नाव व पत्ता पावतीवर आहे)